नसलेल्या शहराचा रस्ता

दादा, आज दुपारी शेवटचा पाहुणा उठला. ओसरीवरची सतरंजी झटकली, घडी घातली, आणि ती कोपऱ्यात ठेवायला जाण्याऐवजी मांडीवर घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसले. रडायला आता हरकत नव्हती, पण रडायलाही अंगात थोडं बळ लागतं. तेरावं झालं तरी माणसं येतच होती आणि आलेल्या प्रत्येकाला तू कसा गेलास ते पहिल्यापासून सांगावं लागत होतं. खोकला कधी वाढला, वैद्य काय म्हणाले, शेवटी पाणी कुणी पाजलं. सांगून सांगून तुझं मरण माझ्या तोंडात गुळगुळीत झालं आहे.

तुझी नोकरी, तुझं शिक्षण, तुझा स्वभाव हे सगळं मदरशातल्या, म्हणजे त्या सरकारी उर्दू शाळेतल्या, तुझ्या सोबत्यांनी बोलून झालं. मास्तर फार शांत माणूस होते, असं एक जण म्हणाले. मी आत चुलीपाशी होते. मनात म्हटलं, भाजीत मीठ कमी पडल्यावर येऊन बघायचं होतंत. तेव्हा ते त्यांचं बोलून झालं, आता माझं ऐक. तू जिवंत असतानाही माझं पूर्ण ऐकून घेतलंस असं फारसं झालं नाही.

ओसरीवर काय चाललं होतं ते सांगते. चुलतभाऊ नाना बसला होता, दोन-चार जाणती माणसं होती, आणि विषय एकच.

"आक्का आता कुणाकडं?"

"सासरच्यायनी बघावं. दीर हाय की धडधाकट."

"त्यायनी निरोप पाठवला, म्हने माहेरची जिम्मेदारी. मंग मलाच बघावं लागन. एकटं बाईमाणूस कसं ठिवायचं? कुणाकडं तरी बराबर लावून द्यावं."

नाना वाईट नाही, तुला माहीत आहे. पण बोलण्याची तऱ्हा अशी, की दाराआड उभं राहून ऐकताना मी गोठ्यातली म्हातारी गाय झाले. लग्नाआधी मी आबांची होते, मग सासरची, मग पांढऱ्या कपाळाने परत आले ती तुझी. आता कुणाची, ते उद्या ठरणार आहे. नाना उद्या गाडी घेऊन येतो म्हणाला. आणि हे सगळं ऐकताना मला तू कागदावर बांधलेलं ते शहर आठवलं. चिडून आठवलं, दादा. हौसेने नाही.

किती वर्षं झाली? तेव्हा तुझे केस काळे होते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या जिनिंग गिरणीच्या फाटकापासून आपल्या दारापर्यंत ओळीने उभ्या राहायच्या. नंबर लागेपर्यंत गाडीवान तिथेच तीन दगडांची चूल मांडायचे, बैलांपुढे कडबा टाकायचे आणि दिवेलागणीला आपल्या ओट्याखाली येऊन बसायचे. दिवसभर मदरशात उर्दूतून गणित शिकवून तुझा घसा बसलेला असायचा. तरी तू तोंडावर पाणी मारून, कंदील घेऊन बाहेर बसायचास आणि आपल्या मराठीत त्यांना शहर वाचून दाखवायचास.

ती कादंबरी होती की तत्त्वज्ञान, ते मला कधीच धड कळलं नाही. तिच्यात राजपुत्र नव्हता, लढाई नव्हती, कुणाचं लग्नसुद्धा नव्हतं. एक परका माणूस चालत चालत एका शहरात येतो. वेशीवर त्याला कुणीच विचारत नाही की कुणाचा रे तू. गाव कोणतं, बाप कोण, जात कोणती, काहीच नाही. विचारतात एवढंच, की जेवलास का. आणि मग तो बिचारा प्रकरणामागून प्रकरण तिथल्या लोकांना प्रश्न विचारत हिंडतो. कुणाचं कोण हे माहीत नसेल तर शेत कुणाला मिळतं? मेल्यावर खांदा कोण देतं? लोक आपापल्या परीने उत्तरं देतात, कधी आपसांत वाद घालतात, आणि तो परका अधिकच गोंधळतो. दूरदूरच्या देशांतल्या शहाण्या माणसांनीही अशी शहरं मनात बांधली, असं तू मला सांगायचास. पण त्या बहुतेकांनी आधी तट बांधला, मग माणसं आत घेतली, असं तुझं म्हणणं होतं. तुला तट नको होता.

गाडीवान मात्र तुझ्या त्या परक्यासारखे गोंधळायचे नाहीत. त्यांना पटकन मुद्दा सापडायचा.

"मास्तर, मंग तितं भांडणात शिव्या कशा देत्यात? बाप काढायचा तर बाप ठावका नको का?"

सगळी रांग हसली होती. तूही हसलास आणि दुसऱ्या दिवशी भांडणाचं एक आख्खं प्रकरण लिहून टाकलंस. ते तुझं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे, हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू आठवडाभर फुगून बसला असतास.

माझं भांडण वेगळं होतं. मी आत जात्यावर असायचे आणि समोरचा खुंटा धरायला रुक्मिण. तू बाहेर शहराचे चौक, बागा, पाणवठे वाचत होतास आणि आमच्या दोघींच्या हाताला घट्टे पडत होते. एकदा तू पाणी प्यायला आत आलास तेव्हा मी विचारलं, "तुझ्या शहरात दळण कोण दळतंय रे?"

"सगळे मिळून जेवतात, असं लिहिलंय की."

"जेवतात ते ऐकलं. दळतंय कोण?"

तू तांब्या खाली ठेवलास. मग म्हणालास, "शेवटच्या प्रकरणात येईल ते." रुक्मिणनं तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून मी तुला आठवण करून द्यायची आणि तू शेवटच्या प्रकरणाचं नाव सांगायचास.

रुक्मिण म्हणजे वेशीजवळची. न्हातीधुती झाली न झाली तोच नवरा गेलेला, दिराच्या घरी शेणापासून सगळं करून वर आपल्याकडे दळायला यायची. तू वाचायला लागलास की तिचा हात मंद व्हायचा. जातं घरघरलं तर ऐकू येत नाही म्हणून. मी ओरडायचे, पण मीही थांबायचे.

आणि मग तो रस्ता. खरं सांग, काय गरज होती त्याची? एका म्हाताऱ्या गाडीवानाने विचारलं, "मास्तर, हे गाव हाय कुन्या रस्त्याला?" आणि तू क्षणभरही न अडखळता सांगून मोकळा झालास. आपल्या परतूरहून अंबड, अंबडहून शहागड, तिथे गोदावरी ओलांडायची आणि मग नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. रात्री मी तुला जेवायला वाढताना झापलं. खोट्या गावाला खरा रस्ता कशाला दिलास म्हणून. तू म्हणालास, "सरू, या माणसांना रस्ता सांगितल्याशिवाय गाव कळतच न्हाई. गाडीवानाला गाव म्हणजे काय, तर कुठं वळायचं आणि मुक्काम कुठं करायचा."

ते खरंच होतं. आपल्याकडे कुणी गावाचं नाव सांगितलं की ऐकणारा आधी मनात गाडी जुंपतो.

मी आणखी एक खोड काढली होती. शहागडला नदी ओलांडून ती डाव्या हाताला ठेवली तर माणूस फिरून आपल्याच समोर येतो, पलीकडच्या काठावर. मग एवढा वळसा कशाला? इथून सरळ खाली उतरलं की नदी. तर तू काय म्हणालास? "जवळच्या गावावर कुणाचा इश्वास बसत न्हाई." आणि ताक मागितलंस.

इश्वास बसला, दादा. संक्रांत उलटली आणि एके सकाळी रुक्मिण दळायला आली नाही. त्याच दिवशी कळलं की रांगेतला काशीनाथ गाडीवानही गाडी-बैल मालकाच्या दारात बांधून नाहीसा झाला. ती एका जातीची, तो दुसऱ्या. दोघांचं बोलणं कधी झालं, डोळे कधी भेटले, मला पत्ता नव्हता. मी तिच्यासमोर बसून दळत होते तरी. तिचा दीर कुऱ्हाड घेऊन आपल्या ओट्यावर आला. "मास्तर, रस्ता तुमीच सांगितला ना? मंग आता मलाबी सांगा," म्हणाला. तू सांगितला नाहीस. सगळ्या गाडीवानांना तो तोंडपाठ होता, पण त्यांच्यातल्या एकानेही त्याला सांगितला नाही, हेही मी विसरलेले नाही.

मग अमीन आला. पोलीस ठाण्याचा तो मोठा अंमलदार आपल्या पायरीवर बूट आपटत उभा राहिला तेव्हा मी दाराआड झाले. निजामशाहीत चार माणसं जमवून काही वाचायचं तर परवानगी लागायची आणि तू तर रोज पन्नास-साठ जमवत होतास. पण त्याची अडचण निराळीच निघाली.

"मास्टरसाब, ये शहर कौनसे जिले में आता?"

"कहीं नहीं आता, हुजूर. दिल से बनाया हूँ."

"ऐसा कैसा? अंबड है. शहागड है. नदी है. सब बराबर है. शहर नहीं है तो रस्ता कैसा है?"

मी दाराच्या फटीतून बघत होते. जगातल्या शहाण्यांची नावं घेणारा तू त्या माणसासमोर पायरीकडे बघत राहिलास. त्याने ताकीद दिली, ओट्यावरचं वाचन बंद केलं आणि गेला. तुला ताकिदीचं काही वाटलं नाही. तो प्रश्न मात्र तू पुढे कितीतरी दिवस माझ्यापाशी उगाळत बसलास. आणि मी तेव्हा अमीनाच्या बाजूची होते.

मी म्हटलं, "जा. त्यांना गाठ आणि सांग की ते शहर न्हाईये. पोरगी उपाशी हिंडत असंल." तू रजा टाकलीस, शिदोरी घेतलीस आणि शहागडकडे निघालास. परत आलास तेव्हा अंगात ताप होता, पायांना फोड होते. "भेटले का?" म्हटलं. "नदीपर्यंत गेल्तो," एवढंच बोललास. मी पुन्हा विचारलं तर भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर तू त्या शहराची एक ओळ लिहिली नाहीस. शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच.

आपलं भांडण मात्र चालू राहिलं. पहिल्या पानावर लिही, मी म्हणायचे, ठळक अक्षरात, की हे शहर कुठेही नाही. म्हणजे पुन्हा कुणी चालत सुटायचं नाही. तू ऐकून घ्यायचास आणि लिहायचा नाहीस. किती वर्षं एका वाक्यावरून भांडलो आपण! मदरशातले मास्तर बदलले, गाड्यांच्या रांगेत नवी माणसं आली, तुझा खोकला घरचाच होऊन बसला, आणि आपण एका न लिहिलेल्या वाक्यावरून जेवताना अबोला धरत होतो. दमले रे मी त्या भांडणाने. तुझ्या औषधाच्या काढ्याने आणि रात्रीच्या जागरणाने दमले नाही इतकी त्याने दमले.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "सरू, ते पोचले असतील का गं?"

मी म्हटलं, "झोप आता."

आणखी काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आज सतरंजी मांडीवर घेऊन बसले असताना आणखी एक गोष्ट आठवली. मी सासरहून परत आले तो दिवस. टांग्यातून उतरले तेव्हा सगळी आळी दारात उभी होती. ही आता कुणाच्या जिवावर राहणार, असं कुजबुजत नव्हे, चांगलं मोठ्याने चाललं होतं. तू मदरशातून आलास, टोपी काढलीस, माझं गाठोडं उचललंस आणि विचारलंस, "जेवलीस का?" बस. आजवर तू मला दुसरं काही विचारलं नाहीस. किती दिवस राहणार, ते नाही. पुढे काय, ते नाही. मला घरी बसवून अक्षरं शिकवलीस, तेही कुणाला न विचारता. मी इतकी वर्षं समजत होते की तुझं शहर तू थोरामोठ्यांच्या विचारांतून काढलंस. ते शहर आपल्या उंबऱ्यातून निघालं होतं, दादा, आणि मी त्यातच राहत होते. राहून वर दळणाची तक्रार करत होते. उपकार बोलून दाखवायची आपल्यात रीत नाही, म्हणून राहिलं. आज बोलते. तू होतास म्हणून मला कुणी 'कुणाची तू' असं विचारलं नाही.

एवढं मनात चाललं होतं आणि दारात सावली पडली. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, काखेत टरबूज. मला वाटलं, आणखी एक समाचाराची बाई. बसल्या जागेवरूनच विचारलं, "कोण गं? कुणाची तू?"

तिनं उंबऱ्याशी टरबूज ठेवलं आणि हसली.

"आक्का, तुमीबी तेच इचारता व्हय?"

रुक्मिण होती. केस पिकलेत, दात एक पडलाय, पण हसणं तेच. मी दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून उठेपर्यंत तिनंच येऊन धरलं. मग रडू आलं. चांगलं पोटभर आलं. तिनं पाणी आणून दिलं, चुलीजवळचा माठ कुठे असतो ते तिला अजून ठाऊक होतं.

"बाजारात गाडीवानाकडून कळलं, मास्तर गेले म्हून. राह्यवलं न्हाई."

तू मला विचारलं होतंस, तेच मी तिला विचारलं. "पोचले का गं तुम्ही?"

"कुटलं पोचायचं, आक्का. ज्या गावात गेलो तितं पयलं तेच. कुणाचे, कुटले. आमी खोटं सांगायला शिकलो. काई जागी कळलं, काई जागी मार खाल्ला."

"आणि दादा? तो तुम्हाला शोधायला आला होता."

"आल्ते की. नदीपल्याड गाठलं आमाला. आमी वाळूत बसल्तो, अन्नाचा कण न्हवता. म्या म्हनलं, मास्तर, गाव कुटं हाय? तर आमच्या पायाकडं बघितलं. मंग म्हनले, आजून थोडं पुढं हाय. आपली शिदोरी आमाला दिली आन उपाशीच मागं फिरले."

म्हणजे तू पलीकडे गेला होतास. सांगायला गेलास की शहर नाही, आणि सांगून आलास की थोडं पुढे आहे. आणि ते मला सांगायची तुझी छाती झाली नाही, कारण मी पहिल्या पानावरचं ते वाक्य घेऊन बसले होते. मी रुक्मिणला विचारलं, राग नाही का येत मास्तरांचा? खोटंच सांगितलं ना?

ती म्हणाली, "म्हनले नसते तर तितंच वाळूत बसून राह्यलो अस्तो."

मग ती दोघं पुढे गेली, नदी डाव्या हाताला ठेवून. शेवटी काठाला एक पडीक तुकडा मिळाला. नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी केली, झोपडं घातलं. त्यांच्या दारात कुणी आलं तर कुणाचा, कुठला, ते विचारत नाहीत. ठरवून नाही, त्या प्रश्नाचाच कंटाळा आला म्हणून. तेवढ्यावर तिथं आणखी घरं आलीत. कुणाला गावाने टाकलेलं, कुणी दुष्काळात निघालेलं. "भांडनं लई होत्यात," रुक्मिण म्हणाली. "पन बाप कुनी काढत न्हाई." ती कुठे आहे ते तिनं सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. आपल्याच समोर, पलीकडच्या काठावर. सकाळी डोंग्यातून नदी ओलांडून निघाली आणि दिवेलागणीच्या आत इथे पोचली. इतकी वर्षं तू खोकत खोकत ज्यांची काळजी केलीस ते एका दिवसाच्या वाटेवर टरबुजं पिकवत होते.

मग मी तो प्रश्न विचारला. न विचारून कशी राहीन?

"दळण कोण दळतंय गं तिथं?"

"आमी दोगं," ती म्हणाली, जसं काही त्यात नवल नाही. "हे समोर बसत्यात खुंटा धरून. पयले शेजारचे हसायचे. आता त्यांच्यातबी बसत्यात दोगं."

दादा, मी हसले. सुतक नुकतं फिटलेलं घर, दारात कावळ्याला टाकलेला घास अजून तसाच, आणि मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. तुझं शेवटचं प्रकरण, बघ. मिशा असलेला गाडीवान मांडी घालून जात्यावर बसलाय. तुला हे सुचलं नसतं. तुला स्वतःचं ताटही उचलायला सुचायचं नाही.

रुक्मिणला मी विचारलं, "जेवलीस का?" नव्हती जेवली. भाकरी टाकली, दोघी जेवलो. आता ती ओसरीवर झोपली आहे, त्याच सतरंजीवर. झोपण्याआधी म्हणाली, "चला की आक्का. राह्यला खोप मोकळी हाय एक." कुणाकडे, कशाला, किती दिवस, काही नाही. नुसतं चला की.

तुझे कागद मी काढून बघितले. पहिलं पान तसंच कोरं आहे, तू माझ्या भांडणापायी सोडलेलं. तू गेल्यावर ते वाक्य मी लिहून टाकणार होते, खरं सांगते. दौत काढलीही होती. ती परत झाकून ठेवली आहे.

सकाळी नाना गाडी घेऊन येईल. शेजारणीला सांगून ठेवलंय, आक्का कुणाकडे गेली म्हणून विचारलं तर माहीत नाही म्हण, आणि त्याला आधी जेवू घाल. कोणत्या रस्त्याने गेली म्हणाला तर तोही सांगून टाक. अंबड, शहागड, नदी डाव्या हाताला. बैलांना फिरणं होईल.

मी मात्र तुझ्या वळशाने जाणार नाही, दादा. माझे गुडघे दुखतात. मी सरळ खाली उतरते.